इथलं पाणी लाभत नाही

बोअरची गाडी उद्या सकाळी आठला येणार, हे उज्वलाला कळलं ते लंकाबाईच्या सुनेच्या, रूपालीच्या फोनवरून. हातातलं काम टाकून ती निघाली आणि दुपारी दोनच्या आत ओझरच्या अलीकडच्या लंकाबाईच्या वावरात हजर झाली.

वावराच्या उत्तर कोपऱ्यात, काँक्रीटच्या थराखाली, चौदा पिंपं होती. साठ वर्षांपूर्वी तिथे घड्याळांच्या तबकड्या रंगवायचा छोटा कारखाना होता. अंधारात चमकणारा तो रंग रेडियमचा. धंदा बुडाला तेव्हा मालकाने उरलेला रंग, कुंचले, चिंध्या, सगळं पिंपांत भरून तिथेच पुरलं आणि जमीन शेजारच्या शेतकऱ्याला, लंकाबाईच्या सासऱ्याला, विकून टाकली. रुग्णालयात किरणोत्सर्गाची सुरक्षा सांभाळून निवृत्त झालेल्या उज्वलाने तीन वर्षांपूर्वी तो खड्डा शोधून काढला. पिंपं हलवावीत म्हणून तिने केलेल्या अर्जाला आवक क्रमांक मिळाला होता, उत्तर मिळालं नव्हतं.

तोवर तिने पत्र्याची पाटी लावली. ती पाटी आता लंकाबाईच्या खुराड्यावर होती, आणि तिच्याखाली कोंबड्या सुखात होत्या. मग तिने दगड रोवला, त्यावर कवटी कोरून घेतली. महिन्याभरात कवटीला कुणीतरी शेंदूर फासला, पुढे नारळ फुटू लागले. आणि परवा पाणी बघायला आलेल्या पाणाड्याच्या तळहातावरचा नारळही नेमका त्या दगडापाशीच उभा राहिला.

"देवाच्या पायाशी पाणी लागणारच की," लंकाबाईचा मुलगा जीवन म्हणाला.

"तो देव नाही, जीवन. मी घोटीहून टेम्पोत घालून आणलाय तो."

"सगळेच देव कुठून तरी आणलेले असत्यात, मॅडम."

उज्वलाने काँक्रीटच्या भेगेपाशी किरणोत्सर्गाचा मापक धरला. तो टकटकू लागला.

"आमचा जुना रेडिओ बी असाच वाजायचा," जीवन म्हणाला.

"यातलं निम्मं संपायलाच सोळाशे वर्षं लागतात."

"सोळाशे? आमचा सातबारा अजून आज्याच्या नावावर हाय. सोळाशे वर्षांनी कोण येतंय भांडायला?" मग तो थट्टा सोडून म्हणाला, "झेंडू उभा वाळतोय. पाणी कुठून आणू, सांगा."

"वर चढाला घे. तिथलं मी तपासून देईन."

"तिथं नारळ उभा नाय राहिला."

ओसरीवर चहा आला. उज्वलाने पिशवीतून कागद काढला. येणाऱ्या पिढ्यांसाठी तिने अकरा ओळींची सूचना लिहिली होती, एकही शब्द फाजील नाही अशी. लंकाबाईने ती सुनेला मोठ्याने वाचायला लावली. 'किरणोत्सारी'पाशी रूपाली दोनदा अडखळली.

"हे वाचायला मास्तर ठेवावा लागंल," लंकाबाई म्हणाली. "आन् मास्तर मेला की?"

उज्वलाच्या मनात आलं, पांडवलेण्यातली अक्षरं दोन हजार वर्षं टिकली होती, पण ती वाचता येणारं माणूस तिथे रोज कुठे भेटतं?

समोरच्या मांडवावर गिलकी, दोडकी, दुधी लोंबत होते. तिने सहज विचारलं, "कारली नाही लावत?"

"आमच्यात कारलं लाभत नाय," जीवन म्हणाला.

"का?"

"का म्हंजे? लाभत नाय."

"माझ्या आजेसासूला तिच्या सासूनं सांगितलेलं," लंकाबाई म्हणाली. "वावरात पहिलं पाऊल टाकायच्या आधी. मी बी हिला तसंच सांगितलं."

"आणि कुणी लावून नाही पाहिलं?"

"कशापायी पाहील?" जीवनला खरोखरच धक्का बसला होता. त्याच्याकडे शेतकीची पदविका होती.

उज्वलाने कप खाली ठेवला. कारण कळल्याशिवाय नियम पाळू नका, असं तिने तीस वर्षं शिकाऊ मुलींना बजावलं होतं. पण जीवनच्या त्या दोन शब्दांत खोटं काय होतं? कोपऱ्यातलं पाणी खरंच कुणाला लाभणार नव्हतं.

"मावशी," ती म्हणाली, "त्या कोपऱ्यातलं पाणी तुम्हाला लाभणार नाही."

लंकाबाईने तिच्याकडे रोखून पाहिलं. "भ्या दाखवतीस?"

"नाही. मोजून सांगते. हे पाण्यावाटे पोटात गेलं की हाडांत जाऊन बसतं. शरीर त्याला चुना समजतं."

"म्हंजे अंग बी फसतं."

"फसतं."

लंकाबाईने शेंदरी दगडाकडे पाहिलं. मग म्हणाली, "जीवन, रूपाली, ऐका. त्या कोपऱ्यातलं पाणी आपल्याला लाभत नाय. तिथं खणायचं नाय, नारळ बी फोडायचा नाय. नवी सून आली की आधी हे सांगायचं, मग कारल्याचं."

"आई, हे तू आत्ता बनवलंस!"

"कारल्याचं बी कुणीतरी एक दिस बनवलंच आसंल की."

सकाळी गाडी आली. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं. "पाणाड्यानं तर तो कोपरा दाखवला म्हणं?"

तिन्ही बायका जीवनकडे पाहू लागल्या. त्याने वाळक्या झेंडूवरून नजर फिरवली, मान खाजवली.

"तिथं नको. ते पाणी आम्हाला लाभत नाय. वर घ्या, चढाला."

ड्रायव्हरने कारण विचारलं नाही. गाडी वळवली आणि चढाला लागला.

रूपाली मात्र उज्वलाजवळ बांधावर येऊन बसली. "मॅडम, कारल्याचं कारण हरवलं, तसं ह्याचं बी हरवलं तर?"

"म्हणून ते तुला पाठ करायचंय," उज्वला म्हणाली. "आणि म्हातारी होण्याआधी आणखी एकीकडून करून घ्यायचंय."

तिने कागद उलगडला. वर ड्रिल सुरू झालं, तशी ती मोठ्याने म्हणाली, "किरणोत्सारी."

"किरणो... किरणोत्सारी," रूपाली म्हणाली. आज ती एकदाच अडखळली.