कोटांच्या कपाटातली कंपनी

“‘हरामखोर’ कुठून झाकू? ‘ह’पासून की ‘रा’पासून?” तिने विचारलं.

“‘ह’ राहू दे. ऐकणाऱ्याला वाटेल, हरीण म्हणतोय,” नवरा म्हणाला.

“तुझ्या आवाजात? हरीण?”

मांडीवरच्या लेकीने, पिल्लूने, तेवढ्यात हेडफोनची वायर तोंडात घातली. तिने ती ओढून काढली, पिल्लूचे दात मोजल्यासारखे तपासले, आणि पुन्हा स्क्रीनवरच्या काटेरी रेषेकडे वळली. शिवी आली की रेषा ताडकन उभी राही. तिथे ती बीप ठेवी.

नवरा रॅप करायचा. त्याने स्वतः ‘कर्कश’ हे नाव घेतलं, त्याच्या कितीतरी आधी शेजाऱ्यांनी ते त्याला देऊन टाकलं होतं. कुठलीही रेकॉर्ड कंपनी दारात उभं करीना, म्हणून त्याने स्वतःचीच काढली: तोंडाळ रेकॉर्ड्स. कलाकार दोन. एक तो, दुसरा दातांच्या दवाखान्यात कामाला असलेला त्याचा मित्र, ‘दाढदुखी’. उरलेली सगळी कंपनी म्हणजे ती. भाषेची पदवी घेतली तेव्हा तिला वाटलं होतं, पुढे आपण शब्द जपू. आता ती शब्द झाकत होती. पिल्लू बोलायच्या बेतात होती, आणि पोरीच्या तोंडून पहिला शब्द कुठला पडेल या धास्तीने ती गाणी हेडफोनवरच ऐके.

रेकॉर्डिंग चाले ते मधल्या खोलीतल्या मोठ्या कपाटात. त्यात वारलेल्या सासऱ्यांचे कोट टांगलेले होते. कोटांच्या मधोमध माइक. आत उभं राहून दार लावलं की आवाज जराही घुमत नसे.

पण सासूबाईंनी ठरवलं होतं: कपाट काढायचं, खोली पिल्लूला द्यायची. कोट न्यायला रविवारी माणूस येणार होता.

“आई, कोट गेले की कंपनी गेली!”

“न्हाणीघरात गा. तुझे वडील तिथे निदान खाकरायचे तरी.”

बरीच हुज्जत झाल्यावर त्या एवढ्यावर आल्या, की एक गाणं ऐकेन, मग बघू. नवऱ्याने नेमकं वडिलांवरचं गाणं निवडलं. नाव ‘बोल’. त्यात शिव्यांची अशी पेरणी, की तिला दुपारची झोप सोडून बीप टाकत बसावं लागलं. शेवटचा बीप ठेवून ती दुधाची बाटली घ्यायला वळली, तेवढ्यात पिल्लूने दोन्ही पंजे कीबोर्डवर आपटले. तिने घाईघाईने पाहिलं. बीप सगळे जागच्या जागी दिसत होते. निदान तिला तसं वाटलं.

सासूबाई आल्या, चष्मा लावून बसल्या. ऐकायलाही त्यांना चष्मा लागे.

गाणं सुरू झालं.

“सकाळी उठून, साला, माझा *बीप* दाढी करायचा,
आरशाशीही, च्यायला, एक *बीप* नाही बोलायचा…”

पिल्लूच्या थपडेने सगळे बीप थोडे थोडे पुढे सरकले होते. शिव्या मोकाट, आणि बिचारे सज्जन शब्द तोंडं बांधून बसलेले.

“थांबव,” सासूबाई म्हणाल्या. “माझा कोण दाढी करायचा? काय हे घाणेरडं!”

“आई, तिथे ‘बाप’ आहे,” नवरा कसाबसा म्हणाला.

“मग झाकलास कशाला? मेल्या, बापाची लाज वाटते?”

“अहो आई, चूक माझी, म्हणजे पिल्लूचा हात…” ती मध्ये पडली. “आता बंदच करू या.”

“कशाला? लाव पुढे.”

“बोल ना, हरामखोरा, एकदा *बीप* बोल!” स्पीकरमधून नवऱ्याचा आवाज फाटला, आणि गाणं संपलं.

नवरा नखं खाऊ लागला. ती मनातल्या मनात कपाटाचे खिळे काढू लागली.

“तो शेवटचा, ‘ह’चा शब्द,” सासूबाई म्हणाल्या, “तो झाकू नकोस हं. तो मीच म्हणायला हवा होता. जन्मभर विचारलं, जेवण बरं झालंय का? नुसती मान हलवायचे. तीही अशी, की हो की नाही, देवालाच ठाऊक.” त्यांनी कपाटाकडे पाहिलं. “आणि ते कोट रे? त्यांच्यावाचून एवढं काय अडलंय तुझं?”

“आवाज शोषून घेतात ते, आई.”

“जिवंतपणी तरी दुसरं काय केलं?”

नवरा खो खो हसला, आणि मधेच थांबला.

सासूबाई उठल्या. चष्मा काढून सुनेच्या हातात दिला. “रविवारच्या त्या माणसाला कळव, येऊ नकोस म्हणावं. पिल्लू झोपेल माझ्याजवळ. आणि काय गं, दार लावून आत उभं राहायचं ना?”

कोट बाजूला सारत त्या कपाटात शिरल्या. दार लागलं. बाहेर काही ऐकू येत नव्हतं, पण माइक चालूच होता. स्क्रीनवरची आडवी पडलेली रेषा थरथरली, मग ताडकन उभी राहिली.

नवऱ्याचा हात सवयीने हेडफोनकडे गेला. तिने हेडफोन आधीच उचलला, वायर नीट गुंडाळली आणि वरच्या फळीवर ठेवून दिला, पिल्लूचा हात पोचत नाही तिथे. नवऱ्याचा पोचत होता, पण त्याने पुढे केला नाही.

रेषा उंच उड्या मारत होती. मग लहान लहान झाली. पिल्लूने रेषेकडे बोट दाखवलं आणि आयुष्यातला पहिला शब्द स्वच्छ उच्चारला.

“बीप.”

“शू,” ती म्हणाली. “आजी बोलतायत.”