देवघरामागची भिंत

बेळ्ळंदूरच्या सातव्या मजल्यावरच्या नव्या घरात देव कुठं बसवायचे, यावरून सकवारबाई आणि त्यांची सून संयोगिता यांची चांगलीच जुंपली होती. ईशान्येच्या भिंतीपलीकडे न्हाणीघर आहे, ओल येईल, असं सून म्हणत होती. सकवारबाई ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हत्या. चिकपेटच्या जुन्या घरात देव ईशान्येला होते, इथंही ईशान्येलाच बसतील. न्हाणीघर तर न्हाणीघर, पलीकडं काही संडास नाही ना. मुलगा शंभूराज फोनमध्ये बघत राहिला आणि लाकडी देवघर त्या भिंतीला टेकलं ते टेकलंच.

या गोष्टीला सव्वा वर्ष झालं. रोज सकाळी सकवारबाई देवघर वीतभर पुढं ओढायच्या, मागची भिंत कोरड्या फडक्यानं खसखसून पुसायच्या आणि फडकं तिथंच झटकायच्या. शेजारी सात वर्षांची नात नयना शेवंतीचा हार करत बसलेली असायची. गेल्या पावसाळ्यापासून फडकं काळं निघायला लागलं. समईची काजळी, दुसरं काय, असं सकवारबाईंनी ठरवून टाकलं. कुबट वास यायला लागला तेव्हा त्यांनी धूप वाढवला.

त्याच सुमारास नयना खोकायला लागली. पोरीची छाती मांजरीसारखी घुरघुरायची. डॉक्टरीणबाईंनी ओढायचा पंप दिला आणि मागच्या खेपेला रोज दोन वेळा घ्यायला सांगितला. जिना चढताना धाप लागते म्हणून पोरीचा नाच बंद झाला होता. सकवारबाईंनी खोकल्याचं खापर सुनेच्या माथी फोडलं. फ्रिजमधलं दही घालते, रात्रभर एसी लावते, पोर खोकणार नाही तर काय. हे त्यांनी घरात सांगितलं, तिसऱ्या मजल्यावरच्या रत्नाबाईंना सांगितलं, लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगितलं. संयोगितानं दही बंद केलं, एसी बंद केला. खोकला काही बंद झाला नाही.

मग देवनहळ्ळीला चुलत दीर संताजीराव वारले आणि दहा दिवसांचं सुतक आलं. देवघराला पडदा लागला. पूजा नाही, धूप नाही, हार नाही, फडकंही नाही. चौथ्या-पाचव्या दिवसापासून नयना सलग झोपायला लागली. दहाव्या दिवशी ती गॅलरीत एका पायावर उड्या मारत होती, आणि कढीपत्त्याच्या कुंडीला पाणी घालता घालता सकवारबाई तिच्याकडं बघत उभ्या राहिल्या.

सुतक फिटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी देवघर ओढलं, भिंत पुसली, फडकं झटकलं. नयनानं हाराचं तिसरं फूल ओवलं आणि खोकायला लागली. तिचा चेहरा लाल झाला, डोळ्यांत पाणी आलं. संयोगिता धावत येऊन तिला बाहेर घेऊन गेली, पंप दिला.

सकवारबाई फडकं हातात धरून बसून राहिल्या. काजळी समईच्या वर धरते, देवघराच्या पाठीमागं कशी जाईल? त्यांनी जोर लावून देवघर पुरतं बाजूला घेतलं. कमरेएवढ्या उंचीपर्यंत भिंत काळीहिरवी झाली होती. रंगाला फुगे आले होते आणि देवघराची पाठ दाबली तर बोट आत जात होतं. बुरशीच होती ती. लोणच्यावरची त्यांनी हजारदा पाहिली होती. भिंतीवरची ओळखायला एवढे महिने लागले.

देवघर परत सरकवलं असतं तर कुणाला कळलं नसतं. रंगारी बोलावून दोन हात मारून घेता आले असते. सकवारबाईंनी हे सगळं मनात करून बघितलं, आणि मग उठून सुनेच्या खोलीचं दार वाजवलं. दार वाजवायची त्यांना सवय नव्हती. संयोगिता ऑफिसच्या मीटिंगमध्ये होती.

"बंद कर ते. भिंत बघायला ये."

संयोगितानं भिंत पाहिली आणि पदर नाकाला लावला. "कधीपासून आहे हे, आत्याबाई?"

"पावसाळ्यापासून. काजळी म्हणत होते मी." पुढचं सकवारबाईंच्या तोंडातून निघायला वेळ लागला. "भिंत मी निवडली होती. पोरीचा खोकला तुझ्या दह्यानं नव्हता."

सुनेला बोलायला पुष्कळ होतं. ती एवढंच म्हणाली, "सरी, ठीक आहे. आधी नयनाला रत्नाबाईंकडं सोडते."

सकवारबाईंनी तोवर पदर खोचून केरसुणी उचलली होती. संयोगितानं ती काढून घेतली. कोरडं घासलं की बुरशीची भुकटी उडते, तीच तर पोरीच्या छातीत गेली, असं तिनं समजावलं. शिवाय आधी पाणी थांबायला हवं, नाहीतर पुसलेलं महिन्यात परत येणार. देव तेवढे बैठकीतल्या टेबलावर नेले आणि देवघराच्या खोलीचं दार बंद करून टाकलं. रघुपती नळवाला दोन दिवसांनी आला, न्हाणीघराची फरशी फोडून पाइपचा ठिबकणारा सांधा बदलून गेला.

पुसायच्या दिवशी दोघींनी तोंडाला घट्ट मास्क बांधले, रबरी हातमोजे घातले आणि खिडकी सताड उघडली. मास्कमध्ये आपण दरोडेखोर दिसतो, असं सकवारबाई म्हणाल्या. साबणाच्या पाण्यानं भिंत ओली करून पुसायची, फडकी लगेच पिशवीत. डाग हटेना तेव्हा बादलीत ब्लीच कालवलं, आणि सकवारबाईंनी त्यातच संडासाचं ॲसिडही ओतायला घेतलं. दोन्ही मिळून बुरशी लवकर मरेल म्हणाल्या. संयोगितानं त्यांचं मनगट धरलं.

"त्याचा विषारी वायू होतो, आत्याबाई. ती मरायच्या आधी आपण मरू."

कुणी मनगट धरलेलं सकवारबाईंना खपत नसे. त्यांनी बाटलीला झाकण लावलं. देवघराची कुजलेली पाठ प्लास्टिकमध्ये बांधून खाली गेली. भिंत आतून सुकेपर्यंत रंग लावायचा नाही, असं रघुपतीनं बजावलं होतं.

डॉक्टरीणबाईंकडं जायच्या दिवशी सकवारबाई न बोलावता गाडीत जाऊन बसल्या. एरवी दवाखान्याचं नाव काढलं तरी त्या तोंड फिरवायच्या. तिथं कोरडं फडकं, धूप, सुतकाचे दहा दिवस, सगळं त्यांनी स्वतःच कानडीत सांगितलं, सुनेला मध्ये तोंड घालू दिलं नाही. डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं. पंप एकदम थांबवू नका म्हणाल्या. महिन्यानं बघू, मग कमी करता येईल.

परतताना गाडी रिंग रोडला अडकली. नयना आजीच्या मांडीवर झोपली. सकवारबाई वाकल्या आणि पोरीच्या छातीला कान लावून बराच वेळ तशाच राहिल्या.

"घुरघुर आहे का हो?" संयोगितानं विचारलं.

"आहे," त्या म्हणाल्या. "स्वल्प."