गप्प बसायचा पाट

मी पाट. लाकडाचा, जेवायला बसायचा. बोलणं माझ्या स्वभावात नाही. तीस वर्षं माझ्यावर बसून एका बाईनं मौन पाळलं, तेव्हा मीही पाळलं. आज तोंड उघडतोय, कारण पाच वर्षांच्या एका पोरीचं बोलणं माझ्यावर बसून बसून गेलं. कसं गेलं हे मी जवळून पाहिलं. तेवढं सांगतो आणि गप्प होतो.

सदलग्याच्या मष्णू सुतारानं मला फणसाच्या लाकडातून काढलं. दोन फळ्या जोडून पाट करणारे पुष्कळ. मी एका फळीचा आहे. खाली दोन पट्ट्या, चार कोपऱ्यांत चार पितळी फुलं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं ज्या कामाला मला लावलं ते काम माझं नव्हतं.

मला केलं ते तारामतीच्या लग्नासाठी. माझ्यावर बसून तिनं हळद लावून घेतली आणि माझ्यासकट ती निपाणीला नांदायला आली. इथं तंबाखूचा वास हवेतच असतो. नवीन माणूस आठ दिवस शिंकतो, मग त्याला तो कळेनासा होतो. तारामतीचंही तसंच झालं.

तिचा नवरा पद्मराज लवकर गेला. मुलगे लहान होते. बायका भेटायला यायच्या आणि तेच तेच विचारून तिला रडवायच्या. तेव्हा तिनं नेम घेतला. दिवसातून एकदाच जेवायचं आणि पाटावर बसल्यापासून उठेपर्यंत बोलायचं नाही. भात हवा असला तर एक बोट. नको असलं तर तळवा आडवा. देवासाठी नेम घेतला असं ती सांगायची. खोटं नाही ते. पण मला तिचं वजन कळायचं. माझ्यावर बसली की तिचे खांदे उतरायचे. दिवसातली ती अर्धी घटका तिची स्वतःची होती. ती आपल्या मर्जीनं गप्प बसायची आणि आपल्या मर्जीनं उठायची.

पुढं घरात जेवणाचं टेबल आलं. तारामतीचा धाकटा मुलगा अभिनंदन, त्याची बायको अनुराधा आणि त्यांची मुलगी पूर्णिमा टेबलावर जेवू लागली. तारामतीनं मला सोडलं नाही.

अनुराधाचं माहेर चिकोडीकडचं, शिक्षण कानडीतलं. फ्रिज आणि वॉशिंग मशिनच्या तक्रारी फोनवर ऐकून घेणाऱ्या एका कंपनीत तिला नोकरी होती. ऑफिस बेळगावात. सकाळच्या बसनं जायची, दिवे लागल्यावर यायची. पोरगी दिवसभर आज्जीजवळ. पूर्णिमा, म्हणजे पुनी, लई बोलायची. कावळ्याशी बोलायची, कुकरशी बोलायची. माझ्यावर मांडी घालून मलाही विचारायची, "पाट्या, तू जेवलास काय रं?" मला कुणी असं विचारलेलं नव्हतं.

मग ती साथ आली. आठ दिवसांत सगळं बंद झालं. तारामती थोरल्या मुलाकडं सदलग्याला गेली होती, तिथंच राहिली. अभिनंदन कोल्हापूरच्या एका कारखान्यात होता. कोगनोळीचा नाका बंद झाला आणि तो पलीकडं अडकला. कोल्हापूर इथून तासाभराचं. पण मध्ये राज्याची हद्द. कारखानाही बंद. घर चालायचं ते अनुराधाच्या नोकरीवर.

कंपनीच्या गाडीनं घरी एक कॉम्प्युटर आणून ठेवला. आता ऑफिस आमच्या आतल्या खोलीत आलं. घरात माणसं दोनच, अनुराधा आणि पुनी. पुनीची बालवाडी सकाळी तासभर मोबाईलवर चालायची. बाई बोलायच्या, पोरं मान हलवायची. त्यानंतर संध्याकाळी सहापर्यंत पोरीला काही काम नव्हतं आणि तिच्या आईला मान वर करायला वेळ नव्हता.

पहिल्याच आठवड्यात अनुराधा गोकाकच्या एका बाईशी गोड आवाजात कानडीत बोलत होती. "नमस्कारा, हेळ्री," म्हणजे नमस्कार, सांगा. तेवढ्यात न्हाणीतून पुनीची हाक आली, "मम्मी, झाऽली! धुवायला ये!"

गोकाकची बाई हसली म्हणे. साहेब हसला नाही. संध्याकाळी त्याचा फोन आला. अनुराधा भाजी चिरत होती, फोन उघड्यावर ठेवला होता, म्हणून मलाही ऐकू आला.

"मॅडम, कॉलमध्ये पोराचा आवाज आलाय. ही एक नोंद झाली."

"सर, लहान हाय हो ती. घरात दुसरं कोण न्हाय."

"माझ्या घरी पण हायत की दोन. पण वर रेकॉर्ड ऐकत्यात. तीन नोंदी झाल्या की आयडी बंद, काम बंद, माझ्या हातात काय न्हाय बघा."

दुसरी नोंद कावळ्यानं आणली. खिडकीत कावळा बसला. पुनी त्याच्यावर ओरडली, "हाड! हाड म्हणते न्हवं!" फोनवर एक म्हातारा आपल्या बंद पडलेल्या मशिनची कहाणी सांगत होता. त्याला वाटलं, आपल्यालाच हाड म्हटलं. त्यानं तक्रार केली.

आता एकच उरली. त्या दिवशी अनुराधा स्वयंपाकघरात येऊन नुसती उभी राहिली. तिची नजर माझ्यावर पडली. तारामती नव्हती म्हणून मी दारामागं भिंतीला टेकून उभा होतो. तिनं मला उचललं, पुसलं आणि आतल्या खोलीत आपल्या खुर्चीपासून चार हातांवर मांडलं.

"पुने, हा कुणाचा पाट?"

"आज्जीचा."

"ह्याच्यावर बसल्यावर आज्जी बोलत्यात काय?"

"न्हाय."

"मग तू पण बोलायचं न्हाय. पाटावर बसून बोललं की देव रागावतो."

"लई रागावतो?"

"व्हय. लई."

मी आयुष्यात पुष्कळ ऐकलं, पण माझ्या नावावर खोटं बोललेलं ते पहिल्यांदा ऐकलं. अनुराधा वाईट बाई नाही. तिला दुसरं सुचलं नाही. पण पोरीनं ते खरं मानलं.

पुनी माझ्यावर बसू लागली. सुरुवातीला टाचा आपटायची. मग टाचाही थांबल्या. पाणी हवं असलं की आज्जीसारखं एक बोट वर. नको असलं की तळवा आडवा. समोर पाटी, रंगीत खडू, एक बाहुली. दुपारभर खोलीत एकच आवाज, अनुराधाचा, तोही परक्यांसाठी. दिवसभरात शेकडो माणसांशी ती बोलायची आणि चार हातांवरच्या आपल्या पोरीशी नाही. सहा वाजता काम संपलं की पुनी उडी मारून उठायची आणि दिवसभराचं साठलेलं एका दमात सांगायची. अनुराधा डोळे मिटून "हूं, हूं" करायची. तिचा घसा बसलेला असायचा.

हळूहळू ती उडी बंद झाली. सहा वाजून गेले तरी पोरगी बसून राहायची. रात्रीच्या फोनवर अभिनंदन विचारायचा, "आज काय केलीस गं पुने?" ती मान हलवायची. फोनवर मान दिसत नाही, हे तिला कुणी सांगितलं नाही.

एकदा तारामतीनं सदलग्याहून व्हिडिओवर फोन केला. सुट्टीचा दिवस होता, तरी पुनी सवयीनं माझ्यावर बसली होती, पाठ ताठ, ओठ मिटलेले.

"अगं बाई!" तारामती म्हणाली. "मौन धरलंय काय पोरीनं?"

अनुराधानं पुनीकडं पाहिलं. मग म्हणाली, "व्हय, आत्ती."

"माझं वळण गं ते! तुझ्या नवऱ्याला दोन घास गप्प बसून खाता आलं न्हाय कधी. माझी गुणाची नात ती!"

सदलग्याच्या सगळ्या गल्लीला तिनं ते सांगितलं. नातेवाइकांचे फोन आले. सगळ्यांनी पुनीला पाहिलं आणि वाखाणलं. पुनी खाली बघत राहिली. अनुराधानं कुणालाही खरं सांगितलं नाही. आणि मी? त्या दिवशी माझीही छाती फुगली. दुसऱ्याची चूक सांगतोय तर आपलीही सांगितली पाहिजे. मी तारामतीचा पाट, माझ्यावर तिची नात मौनाला बसली, याचा मला अभिमान वाटला. पोरीचं वजन मला कळत होतं. तिचे खांदे उतरत नव्हते, आखडत होते. तरी मला अभिमान वाटला.

मग श्रावणातली ती दुपार. अथणीकडचा एक माणूस फोनवर तापला होता. नवीन फ्रिज तिसऱ्यांदा बिघडला होता. अनुराधा माफी मागत होती, तो ऐकत नव्हता. पुनीनं करंगळी वर केली. अनुराधानं पाहिलं आणि हातानं थांब म्हटलं. थोड्या वेळानं पुन्हा करंगळी. पुन्हा थांब. तिसऱ्या वेळी अनुराधाची पाठ होती, ती कॉम्प्युटरवर काहीतरी शोधत होती.

पुनी उठली नाही. मला ओल लागली. गरम, मग गार. पोरगी रडली नाही. आवाज होऊ नये म्हणून हळू हळू आपल्या फ्रॉकनं मला पुसत राहिली. माझ्यावर कधी कुणी खरकटा हातही टेकला नव्हता. मी तसा शिवाशीव मानणारा, नाकानं कांदे सोलणारा पाट. पण त्या दिवशी मला राग आला नाही. लाज वाटली, ती माझी मला.

फोन संपला. अनुराधा वळली.

"अगं, उठायचं की गं! सांगायचं की!"

पुनी गप्प.

"रागावले न्हाय मी. बोल की. पुने, बोल गं."

पुनीनं बोट खाली केलं. माझ्याकडं. मी अजून पाटावर आहे, कशी बोलू, असं त्या बोटाचं म्हणणं होतं.

अनुराधा धावली आणि पोरीला उचलून छातीशी धरलं. तिच्या कानावर ते फोनचं यंत्र तसंच होतं. पुढचा कॉल आपोआप लागला होता. पलीकडं कोण होतं मला माहीत नाही. त्यानं नमस्काराच्या जागी काय ऐकलं, ते माहीत आहे. एक बाई मराठीत हुंदके देत म्हणत होती, "चुकलं गं माझं. एक शब्द बोल. एकच बोल."

संध्याकाळी साहेबाचा फोन आला. "मॅडम, तिसरी झाली."

"जाऊ द्या, सर."

फोन ठेवता ठेवता त्यानं विचारलं, "पोरगी बरी हाय न्हवं?"

"बोलत न्हाय," अनुराधा म्हणाली. त्यानं फोन ठेवला.

गाडी आली, कॉम्प्युटर घेऊन गेली. नोकरी गेली. मी पुन्हा दारामागं. आता घरात कुणी पुनीला गप्प बस म्हणत नव्हतं, पण पोरगी बोलत नव्हती. नाका उघडला आणि अभिनंदन आला. "काय गं म्हातारे, बापाशी पण कट्टी?" म्हणाला. पुनीनं तळवा आडवा केला. डॉक्टरांनी कान-घसा बघितला, काही बिघाड नाही, धीर धरा म्हणाले. अनुराधा दिवसातून चारदा तिला हाक मारायची आणि वाट बघायची.

शेवटी तारामती आली. खुशीत आली. येताना मष्णूच्या मुलाकडून एक धाकटा पाट करून आणला होता, नातीच्या मौनासाठी. माझ्याच घाटाचा. माझ्याशेजारी टेकवून ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा मला सोबत झाली.

तो पाट बघताच अनुराधा खाली बसली.

"आत्ती, तो पाट नको. मौन न्हवतं ते. मीच गप्प बसवलं तिला. तुमचं नाव घेऊन, देवाचं भ्या घालून. तुम्ही कौतुक केलंसा, तवाबी मी बोलले न्हाय."

तारामतीनं नातीकडं पाहिलं. मला वाटलं, आता सुनेला फाडून खाईल. तिनं एवढंच म्हटलं, "वाढ मला."

मला मांडलं. ती बसली. तिचं वजन मी ओळखलं, पण त्या दिवशी तिचे खांदे उतरले नाहीत. पुनी दाराशी उभी होती, ओठांवर बोट ठेवून. आज्जी पाटावर बसली की सगळ्यांनी गप्प व्हायचं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तारामतीनं भात कालवला, एक घास खाल्ला. आणि मोठ्यानं म्हणाली,

"पुने, आमटीत मीठ न्हाय गं."

अनुराधाच्या हातातली पळी थांबली. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. पुनी छताकडं बघू लागली. देव रागावतोय का ते बघत असावी. छत जागेवर होतं.

"अगं, बहिरी झालीस काय? मीठ आण म्हणते," तारामती म्हणाली.

पुनी डब्यांच्या फळीकडं गेली. डबा काढला. दाराशी येऊन उभी राहिली. गंजलेल्या कडीसारखा आवाज आला तिचा.

"थोडं का लई?"

"लई," तारामती म्हणाली. "लई आण बाई."

आमटीत मीठ होतं. मी पाहिलं, तिनं वरून घेतलेलं मीठ ताटात तसंच राहिलं.

नेम मोडला. ती त्यानंतर माझ्यावर बसली नाही. गुडघे दुखतात म्हणून खुर्चीवर जेवते, असं सगळ्यांना सांगते. गुडघे तिचे धड आहेत. धाकटा पाट तिनं दुसऱ्याच दिवशी शेजारी देऊन टाकला. माझी सोबत एका रात्रीची झाली.

आता पुनी पाचवीत आहे. वर्गात बडबड करते म्हणून बाईंची चिठ्ठी येते. ती चिठ्ठी अनुराधा दोनदा वाचते. तिला दुसरी नोकरी मिळाली, बेळगावलाच, बसनं जाते. मी दारामागं उभा आहे. माझ्यावर एक काळपट डाग राहिलाय. धुऊन जात नाही, आणि जावा असं मला वाटत नाही. टेबलावर चौघं जेवतात, बोलतात, भांडतात. मला सगळं ऐकू येतं. मला कुणी हाक मारत नाही.

त्याची तक्रार नाही. एकच सांगणं आहे. कधी घरात पाहुणे जास्त झाले, जागा कमी पडली, तर मला मांडा. भुकेल्या माणसाला बसवा. त्यानं माझ्यावर बसून गप्पा मारल्या तरी चालतील, भात सांडला तरी चालेल. पण कुणा पोराला गप्प करायला माझी आठवण झाली, तर मला मांडू नका. बंबात घाला. फणसाचं लाकूड आहे, पाणी चांगलं तापेल.