मॅनेजरसाहेब गावात नसताना

घाटनांदूरच्या फुटबॉल संघानं त्या हंगामात शेवटच्या सामन्याआधी अकरा सामने खेळले. नऊ हरले, दोन बरोबरीत सुटले. त्या दोनांना मॅनेजर अमरसिंह 'नैतिक विजय' म्हणत. उरलेल्या नऊंना काय म्हणत ते थोडक्यात सांगता येत नाही, कारण प्रत्येक पराभवानंतर ते मैदानाच्या मधोमध उभे राहून किमान वीस मिनिटं बोलत. निकालाकडं बघू नका, प्रक्रियेकडं बघा, असा त्याचा गोषवारा असे. गाव बिचारं दर रविवारी प्रक्रिया बघायला जमायचं. ती बहुतेक वेळा आपल्याच जाळ्यातून चेंडू बाहेर काढताना दिसायची.

अमरसिंहांनी पुण्याला आठ दिवसांचा कोर्स केला होता. त्याचं प्रमाणपत्र त्यांनी फ्रेम करून गाडीत पुढच्या काचेपाशी ठेवलं होतं, म्हणजे टोलनाक्यावरच्या माणसालाही फुटबॉलचं मार्गदर्शन मिळावं. सामना सुरू झाला की साहेब गॉगल लावून खुर्चीत बसत आणि फोनवर बोलत. मधेच काहीतरी सुचलं की गोलकीपरला पुढं पाठवत आणि पुढच्याला गोलात उभं करत. हरलो की कारण तयार. एकदा वारं होतं. एकदा मैदान पूर्वेकडं उतरतं म्हणून हरलो. अहो, अर्ध्या वेळेनंतर बाजू बदलतात, मग तोच उतार आपल्या कामाला येतो की, असं कुणी बोललं तर साहेब गॉगल काढून त्याच्याकडं बघत आणि विचारत, "तुम्ही कोर्स केलाय का?"

आता असा माणूस काढून का टाकला नाही, असं कुणीही विचारेल. तर मैदान म्हणजे अमरसिंहांच्या वडिलांची, अर्जुनरावांची पडीक जमीन. पोरांच्या जर्सीवर पाठीला नंबर आणि छातीला अर्जुनरावांचा हसरा फोटो. तरी एकदा पाच-सहा जाणती माणसं धीर करून त्यांच्या ओसरीवर गेलीच. अर्जुनरावांनी चहा पाजला, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि सुस्कारा सोडला. म्हणाले, "त्याला पतसंस्थेत बसवून बघितलं, दूध संघावर बसवून बघितलं. इथं निदान गोलच जातेत." माणसं बशा खाली ठेवून परत आली.

या सगळ्यात खरी झळ लागली ती बिभीषणला. बिभीषण पस्तीस शेळ्यांचा धनी, वय पन्नाशीच्या पुढं, आणि फुटबॉलचं वेड तरण्या पोरांना लाजवेल इतकं. सामना कुठंही असो, हा आपल्या गोलाच्या मागं उभा. मागच्या होळीच्या आदल्या दिवशी संघ सहा-शून्य असा हरला, तेव्हा बिभीषणचं डोकं फिरलं. नवस बोलताना माणसानं एकदा आजूबाजूला बघावं. यानं भर पारावर, मारुतीसमोर, चारशे माणसांच्या देखत चप्पल काढली आणि सांगून टाकलं की संघ जिंकल्याशिवाय पायात घालणार नाही. आमच्याकडं नेता मंत्री व्हावा म्हणून वर्षानुवर्षं अनवाणी फिरणारी माणसं आहेत, त्यामुळं कुणाला नवल वाटलं नाही. बिभीषणलाही वाटलं होतं, महिनाभराचा प्रश्न आहे.

दहा महिने झाले. वैशाखात तापलेल्या खडकावरून आणि भादव्यात चिखलातून बिभीषण शेळ्यांमागं अनवाणी हिंडला. सराटे रुतले, बाभळीचे काटे मोडले, एका टाचेला कुरूप झालं. त्याची बायको दगडाबाई रोज दिवेलागणीला त्याचा पाय मांडीवर घेऊन काटे काढत बसे आणि म्हणे, "हरतो त्यो म्यानेजर, आन् सुया माज्या मोडत्यात."

अमरसिंहांना मात्र यात वेगळंच काही दिसलं. त्यांनी चौकात मोठा फ्लेक्स लावला. वर स्वतःचा गॉगलवाला फोटो, खाली बिभीषणचे भेगाळलेले पाय आणि मधे मजकूर: 'साहेबांवरील निष्ठेपोटी अनवाणी'. बिभीषणनं तो वाचला त्या दिवशी तो जेवला नाही. हरल्याचं दुःख त्यानं सोसलं होतं, पण आपले पाय त्या माणसाच्या जाहिरातीला लागले याची त्याला मनापासून शरम वाटली. फ्लेक्सच्या खालून जायला लागू नये म्हणून तो शेळ्या मागच्या ओढ्यानं न्यायला लागला. तिथं काटे जास्त होते.

शेवटचा सामना उरला होता, पाटोद्याच्या संघाशी, घरच्या मैदानावर. जिंकलो तर जिल्ह्याच्या लीगमध्ये टिकणार, नाहीतर पुढच्या वर्षी बाहेर. लीगच नाही म्हटल्यावर सामने कसले आणि जिंकणं कसलं? म्हणजे बिभीषणचा नवस जन्माचा झाला असता.

परमेश्वरच्या चहाच्या टपरीवर यावर खल चालू होता. परमेश्वर बिभीषणचा लहानपणापासूनचा दोस्त. चहा पातळ करायचा, पण हिशेब पक्का. त्यानं बोटांवर मोजत हंगामाची उजळणी केली. लग्नसराई सुरू झाली तेव्हा एका सामन्यात अर्ध्या वेळेला आपण तीन गोलांनी मागं होतो. साहेब एका लग्नाला निघून गेले आणि पोरांनी तीन गोल फेडून बरोबरी केली. दुसऱ्या एका सामन्याला साहेब दुसऱ्या लग्नाहून उशिरा आले. तोवर आपण दोन गोलांनी पुढं होतो. ते येऊन खुर्चीत बसले आणि आपण तीन-दोन असे हरलो.

"म्हंजी त्यो नसताना आपले पाच गोल, आन् एकबी खाल्ला न्हाई," परमेश्वर म्हणाला. "औषध सापडलंय बे. त्याला रविवारी लग्नाला धाडायचं."

औषध उत्तमच होतं. अमरसिंहांना पुढं जिल्हा परिषदेला उभं राहायचं होतं, त्यामुळं ते कुणाचंही आमंत्रण मोडत नसत. त्यात लग्नात माईक असतो, आणि माईक दिसला की साहेबांचे पाय आपोआप तिकडं वळत. बिभीषण आणि परमेश्वर पंचांग काढून बसले आणि दोघांची तोंडं पडली. पौष लागला होता. पौषात कुणाच्या घरी मांडव पडत नाही. बारसं बघावं, तर ज्या तीन घरांत पाळणा हलायचा होता तिथल्या बायका अजून सातव्या महिन्यात होत्या. तेराव्याची चौकशी करण्याइतकं निगरगट्ट होणं काही बिभीषणला जमलं नाही. परमेश्वरनं मात्र दोन आजारी म्हाताऱ्यांची प्रकृती विचारून घेतली.

शेवटी वाट दाखवली दगडाबाईनं. तिचा भाऊ धुळाजी नांदूरघाटला असतो, गाडीनं दीड तासावर. त्यानं शेळ्यांना पाणी प्यायला सिमेंटचा हौद बांधला होता. बांधून महिना झाला होता आणि शेळ्या कुणाच्याही हस्ते उद्घाटन न होता पाणी पीत होत्या. दगडाबाई म्हणाली, त्यालाच फीत बांधा.

बिभीषण वाड्यावर गेला आणि हात जोडून साहेबांना म्हणाला की नांदूरघाटला लोकार्पण सोहळा आहे, पंचक्रोशीतले मेंढपाळ येणार आहेत, तुमच्याशिवाय फीत कापायला लायक माणूस नाही. साहेब खुलले. पण रविवारी दुपारी तीन वाजता म्हटल्यावर जरा थबकले. शेवटचा सामना आहे, संघाला माझी गरज आहे, म्हणाले. बिभीषण म्हणाला, संघाला तुम्ही शिस्त लावलीच आहे, मेंढपाळांना कोण लावणार? त्यांना हे पटलं. इतकं पटलं की त्यांनी एक अट घातली.

"मामा, तुम्ही माझ्या गाडीत यायचं. स्टेजवर माझ्या शेजारी बसायचं. नांदूरघाटलाही कळू द्या, निष्ठा काय असते ती."

बारा वर्षांत बिभीषणनं घरचा एकही सामना चुकवला नव्हता. दहा महिने ज्या एका विजयासाठी पाय फोडून घेतले, तो झाला तर आपण बघायला नसणार. पण नाही म्हणावं, तर साहेब खुर्ची टाकून मैदानात बसणार. तो हो म्हणाला आणि घरी येऊन भिंतीकडं तोंड करून निजला.

रविवारी मैदानाकडं माणसं निघाली आणि बिभीषण उलट्या दिशेनं, एसी गाडीत बसून निघाला. परमेश्वरशी बोलणं झालं होतं. जिंकलो तरच तो मिस कॉल देणार होता, आणि एकच. फोन वाजला नाही तर काय ते समजून घ्यायचं. साहेब फोनवरून सूचना देतील म्हणून परमेश्वरनं सगळ्या खेळाडूंचे मोबाइल चहापत्तीच्या डब्यात घालून डबा घरी पाठवला होता. वाटेत केजला साहेबांनी गाडी थांबवून एका दुकानातून खोकं आणलं. धुळाजीसाठी भेट असेल, असं बिभीषणला वाटलं.

नांदूरघाटला धुळाजीनं चोख व्यवस्था केली होती. हौदाला लाल फीत, शेजारी मांडव, माईक, फेटे. शेळ्या सकाळपासून बांधून ठेवल्या होत्या, कारण लोकार्पणाआधी पाणी पिणं बरं दिसलं नसतं. त्या तहानेनं सारख्या ओरडत होत्या. साहेबांनी फीत कापली, टाळ्या झाल्या आणि भाषण सुरू झालं. हौदापासून निघून साहेब जागतिक फुटबॉलपर्यंत गेले आणि तिथून पुण्याच्या कोर्सवर येऊन स्थिरावले. बिभीषण फेटा बांधून शेजारी बसला होता आणि मनातल्या मनात सामना बघत होता. साडेतीन, पोरं दमली असतील. पावणेचार, अर्धी वेळ झाली. आता उतार आपल्याकडं. सदऱ्याच्या खिशातला फोन त्याला छातीवर जड लागत होता.

पावणेपाचला साहेबांनी ते खोकं मागवलं. त्यातून नवी कोरी चप्पल निघाली.

"या माणसानं माझ्यासाठी दहा महिने वनवास भोगला," साहेब माईकवर म्हणाले. "आज मी सांगतो, बास झालं. मामा, घाला चप्पल. हा माझा शब्द आहे."

मांडवात टाळ्या वाजल्या. बिभीषण उठला, पण पाय उचलेना. मारुतीसमोर बोललेला शब्द या माणसाच्या शब्दानं कसा मोडायचा? आणि का घालत नाही, हे तरी इथं कसं सांगायचं? साहेबांनी चप्पल आणखी पुढं सरकवली. धुळाजी खालून खुणा करत होता, घाल, घाल. माणसं कुजबुजायला लागली. साहेबांच्या कपाळावर आठी दिसायला लागली.

तेवढ्यात खिशात फोन एकदा थरथरला आणि गप्प झाला.

बिभीषणनं डोळे मिटले. मग उजवा पाय चप्पलेत घातला, मग डावा. भेगांना मऊ चामडं लागलं आणि त्याला हुंदका आवरेना. पन्नाशी ओलांडलेला माणूस फेट्याच्या शेवानं डोळे पुसत होता. साहेबांनाही गहिवरून आलं. आपल्या शब्दात एवढी ताकद आहे, हे त्यांना त्या दिवशी नव्यानं कळलं. तिकडं शेळ्या सोडल्या आणि त्या हौदावर तुटून पडल्या.

परतताना अंबाजोगाईच्या पुढं साहेबांना फोन आला. आपण दोन-एक जिंकलो. साहेब गॉगल सारखा करून म्हणाले, "बघितलंत मामा? ही माझी प्रक्रिया."

"तुमच्यामुळंच जिंकलो, साहेब," बिभीषण म्हणाला. आयुष्यात इतकं खरं तो क्वचितच बोलला असेल.

घाटनांदूरात शिरले तर चौक गुलालानं लाल. पोरं खांद्यावर नाचत होती, हलगी कडकडत होती. बिभीषण गाडीतून उतरला. सगळ्या गावात एकट्याचाच सदरा पांढरा होता. परमेश्वरनं पळत येऊन त्याच्या तोंडाला गुलाल फासला आणि दुसरा गोल कसा गेला ते हातवारे करून दाखवायला लागला. पाटोद्याचा गोलकीपर कसा आडवा झाला तेही दाखवलं. बिभीषण डोळे मोठे करून बघत होता. खरा गोल तो कधीच बघणार नव्हता. पण पायात चप्पल होती आणि दगडाबाई दारात उभी राहून त्या चप्पलेकडं बघून हसत होती, त्यामुळं त्याला तेवढंच पुष्कळ वाटलं.

साहेब गाडीच्या पायरीवर चढले. कुणीतरी माईक दिला. कुणी दिला ते पुढं गाव बरेच दिवस शोधत होतं.

साहेब म्हणाले की हा विजय त्यांच्या मार्गदर्शनाचा आहे. म्हणाले की आज संघाला आपली किती गरज होती आणि आपण नव्हतो, याची त्यांना खंत वाटते. आणि मग हात वर करून त्यांनी जाहीर केलं, "पुढच्या हंगामात एकही सामना चुकवणार नाही. लग्न नाही, बारसं नाही, उद्घाटन नाही. दर रविवारी मी इथंच."

हलगी थांबली. खांद्यावरची पोरं हळूहळू खाली उतरली.

बिभीषण वाकला. त्यानं आधी उजव्या पायातली चप्पल काढली, मग डाव्यातली, आणि दोन्ही झटकून काखेत धरल्या.

"कावून काढली बे?" परमेश्वरनं विचारलं.

"नवी हाय," बिभीषण म्हणाला. "चावायलीय."

आणि तो घराकडं चालायला लागला. दगडाबाईनं त्याच्या पायांकडं बघितलं, काखेतल्या चप्पलेकडं बघितलं, आणि सुई शोधायला आत गेली.