सगळ्यात वरची कमेंट

संयोगिता गेल्याचं नाथाजीला कळलं ते एका कमेंटमधून.

फौजेतून नाईक म्हणून निवृत्त झाल्यावर तो दोन वर्षं कुंडलला घरी होता. मग फलटणजवळच्या एका साखर कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीची नोकरी धरली. महिन्यातून दोनदा घरी यायचा. ड्यूटीवर फोन चालत नसे. केबिनच्या भिंतीला लाकडी कप्पे होते, त्यात ज्यानं त्यानं आपला फोन बंद करून ठेवायचा आणि पाळी संपली की घ्यायचा.

त्या दिवशी दुपारी तीनला पाळी संपली. नाथाजीनं फोन चालू केला आणि रेंज आल्याबरोबर वर एक ओळ आली. तुमच्या कमेंटला उत्तर आलं आहे.

नाथाजीनं आयुष्यात एकच कमेंट लिहिली होती, बायकोनं 'कात्री' ह्या नावानं काढलेल्या गाण्यांच्या अल्बमखाली. 'लय भारी.' एवढीच. तिच्याखाली कुणा अनोळखी माणसानं लिहिलं होतं, 'दादा, कात्रीताई गेल्या ओ आज सकाळी. आमच्याच तालुक्यातल्या होत्या. भावपूर्ण श्रद्धांजली.'

त्यानं दोनदा वाचलं. फोन परत कप्प्यात ठेवला आणि गेटपर्यंत चालत गेला. उसाचा एक ट्रॅक्टर आत येत होता, त्याला उगाच हात केला. जोडीचा वॉचमन जोतीराम म्हणाला, "नाथा, तुजी पाळी संपली न्हवं? घरी जा की गड्या." तेव्हा तो मागं फिरला, फोन पुन्हा काढला आणि मग त्याला मिस्ड कॉल दिसले. मेव्हण्याचे, म्हणजे जयराजचे, चौदा. आईचे चार.

सकाळी शिलाई मशीनवर बसल्या बसल्या तिचं डोकं दुखायला लागलं होतं. सांगलीला नेईपर्यंत सगळं संपलं. डोक्यात रक्तस्राव झाला, डॉक्टर म्हणाले. एकोणचाळीस वर्षांची होती.

संयोगिता ब्लाऊज शिवायची. तिची ती खोली, ते मशीन, भिंतीला लटकवलेली मापाची वही. मशीन चालवताना तोंड चालवायची तिला सवय होती. फोनवर पोरांचं रॅप ऐकलं तेव्हा म्हणाली, "हे काय, भांडणच की ठेक्यात. मला येतंय हे." आणि खरंच तिला आलं. फोन हातात धरून गोधडीत शिरायची, म्हणजे बाहेरचा आवाज येत नाही, आणि आत बसून बोललेलं रेकॉर्ड करायची. शेजारची लीलाबाई एकदा नाथाजीच्या आईला सांगत आली, "आवं साळूबाई, तुमची सून गोधडीत शिरून कुणाला तरी शिव्या घालती बगा."

साळूबाई म्हणाल्या, "घालू दे. मला तर न्हाई घालत."

साताऱ्याची ऋचा नावाची एक मुलगी तिला ठेका करून द्यायची. दोघींची ओळखही अशाच कुठल्यातरी कमेंटमधून झालेली. दोन वर्षांत सात गाणी झाली. अल्बमचं नाव 'उसवण', गाणारीचं नाव 'कात्री'. फोटोत तोंड नाही, नुसती कात्री. गावात चारपाच जणांना माहीत असेल, पण बाहेर हजारोंनी ऐकलं.

अल्बम आला त्या दिवशी तिनं फलटणला फोन केला.

"ऐकलं का?"

"ऐकलं की."

"कसं झालंय?"

"लय भारी."

"तसं नगं. खरं सांगा. कुठलं आवडलं?"

नाथाजी डबा उघडत होता. म्हणाला, "तिसरं."

पलीकडं ती खो खो हसत सुटली. "तिसरं व्हय? बरं बरं. मग तितं लिवा की तसं." त्यानं लिहिलं.

त्यानं ऐकलं नव्हतं. वेळ नव्हता असं नाही. सतरा वर्षं तो फौजेत, ती घरी. पत्रात आणि फोनवर दोघांनी एकमेकांना कायम बरं आहे एवढंच सांगितलं होतं, आई बरी आहे, मी बरा आहे. आता ती जगाला काय सांगते आहे, हे ऐकायची त्याला भीती वाटायची. पुढच्या सुट्टीत तिच्याजवळ बसून ऐकू, असं तो म्हणायचा. सुट्ट्या पाच आल्या आणि गेल्या.

दहाव्याला सगळे कृष्णाकाठी गेले. पिंड ठेवले. कावळा समोरच बाभळीवर बसला होता, पण खाली येईना. माणूस गेला की त्याचं काहीतरी राहिलेलं असतं आणि कुणीतरी ते पुरं करायचा शब्द दिल्याशिवाय कावळा शिवत नाही, हे सगळ्यांना ठाऊक. जयराज हात जोडून म्हणाला, "आक्का, दाजींकडं मी बघतो, तू काळजी करू नको." कावळा हलला नाही. चुलते आप्पासो पुढं झाले. "पोरी, राहिलेली ब्लाऊजं ज्याची त्याला पोचती करतो. एक बी ठेवत न्हाई!" तशातही दोघंतिघं हसले. कावळ्यानं मान वाकडी केली, एवढंच.

अर्धा तास गेला. ऊन चढलं. कुणीतरी म्हणालं, दर्भाचा कावळा करून शिववा आता. तेव्हा नाथाजी वाकला आणि पिंडाशी तोंड नेऊन हळू म्हणाला, "ऐकतो. सगळा ऐकतो, आणि कसं झालंय ते खरं सांगतो."

तो सरळ उभा राहायच्या आत कावळा शिवला.

"काय म्हनलास रं?" आप्पासोंनी विचारलं.

"काय न्हाई."

घरी येऊन त्यानं तिच्या खोलीचं दार लावलं आणि पहिलं गाणं लावलं. शब्द सुरू व्हायच्या आधी तिनं श्वास घेतला होता. सुईत दोरा ओवताना घ्यायची तसा. तेवढाच ऐकून नाथाजीनं बंद केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावलं, पुन्हा श्वासापर्यंतच.

मग तो कमेंट वाचायला लागला. गाणं ऐकवेना, निदान ऐकणारे काय म्हणतात ते तरी कळावं. दोनशे चौदा होत्या. फलटणला परतल्यावर पाळी संपली की खोलीवर बसून वाचायचा.

'बाईचा नाद नाय. पुण्यामुंबईची कॉपी न करता आपल्या भाषेत.'

'मिक्सिंग कच्चं आहे, पण लिहिलंय जबरदस्त.'

'सगळा घरसंसारच आहे, जरा बाहेरचंही लिहा.' त्याच्याखाली कुणी, 'तू घरात कधी राहिलायस का रे भाऊ?'

'बोलती का भांडती?'

'तिसऱ्यातला चहावाला माणूस कोण? चहा मिळाला का त्याला?' ह्याला अठ्ठावन्न जणांनी अंगठे दिले होते. नाथाजीला काही कळलं नाही.

सगळ्यात जास्त वाद सातव्यावर होता. त्याचं नाव 'सुट्टी'. 'असला दगड नवरा कुणाला मिळू नये.' 'अरे शेवटचं कडवं ऐक आधी, मग बोल.' 'शेवटचं ऐकूनच बोलतोय.' 'माझे वडील असेच होते. रडलो.' 'ती त्याला माफ करते का नाही? मला तरी करत नाही असं वाटलं.' 'माफी कुठून आली? ती नुसती वाट बघतेय.' नाशिकचा माणूस, लातूरची बाई, कोण कुठले लोक, नाथाजीच्या संसारावर निकाल देत होते. आणि सगळ्यांच्या वर, पहिल्यांदा दिसेल अशी, त्याची स्वतःची कमेंट. लय भारी.

ती वर का हे त्याला समजेना. सुट्टी घेऊन तो साताऱ्याला गेला. ऋचा चष्म्याच्या दुकानात कामाला होती. त्यानं नाव सांगितलं तशी ती उभीच राहिली.

"बसा ना दाजी. पाणी आणू?"

"नगं. एक इचारायचं हुतं. माजी कमेंट वर कशी काय?"

"ताईंनीच पिन केली ती. मी म्हटलं, ताई, एकानं पानभर लिहिलंय, ती वर ठेवू. तर म्हणाल्या, राहू दे, आमचे हेच वर बसू देत."

नाथाजी काउंटरवरच्या फ्रेमांकडं बघत राहिला. मग म्हणाला, "मी तिला सांगितलं, तिसरं आवडलं म्हणून."

ऋचा हातातली काच पुसत होती. पुसायची थांबली. "तिसरं गाणं नाहीये, दाजी. गोधडी झटकल्याचा आवाज आहे, पस्तीस सेकंद. गाण्याचे शब्द नाहीत त्यात. म्हणजे..."

"तिला कळलं आसंल मग. मी ऐकलं न्हवतं ते."

"हो."

"काय म्हनली?"

"खूप हसल्या. मी चिडले होते, खरं सांगते. तर म्हणाल्या, ऐकतील गं. घाई काय आहे."

दुकानात एक म्हातारे गृहस्थ आले, त्यांना नंबर काढून हवा होता. नाथाजी उठला. दारातून वळून त्यानं विचारलं, "सातव्यात काय हाय?"

"ते मी नाही सांगणार," ऋचा म्हणाली. "ते तुम्ही ऐकायचंय."

पुढच्या सुट्टीत त्यानं तिची ती गोधडी काढली आणि दुपारच्या वेळी डोक्यावरून घेऊन आत बसला. आत मशीनच्या तेलाचा वास होता. बाहेर लीलाबाईचा आवाज आला, "साळूबाई, आता ह्यो बी शिरला व्हय गोधडीत!"

आई म्हणाली, "गप ऱ्हा गं जरा."

त्या दिवशी पहिलं गाणं पुरं झालं. मागचा ठेका तिच्याच मशीनचा होता. ऐकून झाल्यावर त्यानं आपल्या कमेंटखाली लिहिलं, 'एक ऐकलं. मशीन आपलंच हाय. शेवटी दोरा तुटल्यावर दिलेली शिवी लय मोठी हाय.' कुणीतरी विचारलं, 'दादा, ताईंना आता कुठं कळणार?'

दुसरं पंधरा दिवसांनी. 'दोन. भराभर बोललीस. मला समजायला तीनदा ऐकावं लागलं. समजलं.'

तिसरं लावलं. गोधडी झटकल्याचा फडफड आवाज. एकदा, दोनदा, मग ती गोधडीत शिरल्याची खसखस. आणि मग लांबून, दाराबाहेरून, एका माणसाचा आवाज. "आगं ए! च्या टाक की! किती येळ झाला!" अगदी जवळून, पुटपुटल्यासारखं तिचं, "आले ओ." आणि संपलं.

आवाज त्याचाच होता. तो घरी होता त्या दोन वर्षांतली कुठलीतरी दुपार. आपण तिसरं आवडलं म्हणालो आणि ती तेवढी का हसली, हे त्याला तेव्हा समजलं. तो कितीतरी वेळ गोधडीतच बसून राहिला. मग चहाचं विचारलेली ती कमेंट त्यानं शोधून काढली. चहा मिळाला का त्याला? त्याखाली त्यानं लिहिलं, 'मिळाला.'

चौथं हळदीकुंकवाचं होतं. बायका ओटी भरत ओळीनं येतात आणि हिच्यापाशी आल्या की पुढच्या पाटावर जातात. मूलबाळ नव्हतं त्यांना. मग त्यात सांगलीचा दवाखाना येतो, डॉक्टरीणबाई येतात, आणि तपासून बाहेर आल्यावर ती नवऱ्याला सांगते, काय नाही, गोळ्या दिल्यात. नाथाजीला तो दिवस आठवत होता. तो बाहेर बाकावर उकडलेल्या शेंगा खात बसला होता. तिलाही दिल्या होत्या मूठभर. तिनं खाल्ल्या होत्या. डॉक्टरीणबाई खरं काय म्हणाल्या ते त्याला चौदा वर्षांनी ह्या गाण्यात कळलं. त्यानं लिहिलं, 'चार. मला हे म्हाईत न्हवतं.' आणि पुसलं. मग पुन्हा तेच लिहिलं.

पाचवं सासूवर होतं. ते त्यानं आईलाही ऐकवलं. साळूबाई कानाशी फोन धरून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. म्हणाल्या, "खोटं एक बी न्हाई ह्यात." जरा वेळानं म्हणाल्या, "पुना लाव." सहावं संध्याकाळपर्यंत ब्लाऊज पाहिजे म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांवर. ते ऐकताना नाथाजीला हसू आलं, आणि हसल्याचं त्यानं लिहिलं.

कमेंट आता तीनशेच्या वर गेल्या आहेत. सातव्यावरचा वाद चालूच आहे. त्यातला नवरा दगड आहे का, ती त्याला माफ करते का, का नुसती वाट बघते. त्यातली प्रत्येकाची बाजू नाथाजीला पाठ झाली आहे. मध्ये एकानं त्यालाच विचारलं, 'दादा, सहा झाली. सातव्यावर तुमचं मत काय?'

दर सुट्टीला तो गोधडी घेऊन बसतो. सातवं लावतो. ती श्वास घेते, आणि तो बंद करतो.

कावळा शिवून आठ महिने झाले. सातवं गाणं ऐकायचं राहिलं आहे. ते कसं झालंय, हे तिला सांगायचं राहिलं आहे.