पाण्याशिवाय कुठेही

लग्नाचं सगळं बिनबोभाट ठरलं. हॉल ठरला, कपडे ठरले, कोणाला बोलवायचं आणि कोणाला मुद्दाम विसरायचं तेही ठरलं. घोडं अडलं ते हनिमूनला जायचं कुठे यावर.

मुलगी शहरातल्या तरणतलावावर पोहायला शिकवायची. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून तिथली पोरंच काय, पोरांचे आईबापही तिला शिट्टीबाई म्हणत. मुलाची बेकरी होती. भट्टी तो सांभाळायचा आणि गल्ला त्याची आई. पाववाल्यांचा मुलगा म्हणून शाळेत त्याचं नाव पावट्या पडलं, ते तिशी उलटली तरी पुसलं गेलं नव्हतं.

दोघांची ओळख पावामुळेच झाली. सकाळी बेकरीचं शटर वर जायच्या आधीच ती बाहेर उभी असायची. केस ओले, डोळे लाल आणि अंगाला दवाखान्यासारखा वास. पहिला महिनाभर तो तिला नर्स समजत होता. एकदा त्याने फार आपुलकीने विचारलं, "रात्रपाळी संपली वाटतं?"

"छे, पहाटेची बॅच. पंधरा बेडकं पाण्याबाहेर काढून आले आत्ताच."

त्याला ओ की ठो कळलं नाही, पण तो हसला. तो पाव देताना कधी हसत नाही हे गल्ल्यावर बसलेल्या आईला माहीत होतं, त्यामुळे तिला सगळं तेव्हाच कळलं.

यंदा तलावाच्या फरशा बदलायच्या होत्या. त्यासाठी उन्हाळ्यात महिनाभर तलाव बंद राहणार होता. एरवी उन्हाळ्यात शिट्टीबाईला मान वर करायला फुरसत नसे. शाळांना सुट्टी लागली की बेकरीतही पाव कमी खपायचा. म्हणजे लग्नाला आणि त्यानंतरच्या प्रवासाला याहून बरा काळ मिळणार नव्हता.

एका दुपारी ती बेकरीच्या मागच्या खोलीत आली. तो मैद्याच्या पोत्यावर बसला होता, मांडीवर एक चकचकीत माहितीपत्रक.

"समुद्र," तो म्हणाला. "हे बघ. खोलीचं दार उघडलं की थेट वारा. वारा, कळतंय का तुला? वर्षभर मी भट्टीच्या ज्या तोंडापुढे उभा असतो ना, त्यातून फक्त झळ येते."

तिने पर्समधून दुसरं माहितीपत्रक काढलं. त्यावर नुसती वाळू होती आणि वाळूत मातीच्या चार-सहा खोल्या.

"वाळवंट? उन्हाळ्यात?" तो उडालाच. "अगं, ती भट्टीच की! फरक एवढाच की इथे मी बाहेर असतो, तिथे आत असेन."

"पण तिथे पाणी नसतं."

"प्यायला तरी असेल ना?"

"चेष्टा नको. मला पाण्याचा वीट आलाय. कानात पाणी, बुटात पाणी, डब्यातल्या पोळीला पाण्याचा वास. मला कुठेही ने. पाण्याशिवाय कुठेही."

"मग समुद्राकडे पाठ करून बस."

"पाठ करून बसता येत नाही मला."

"का?"

"नाही येत."

एवढं बोलून ती उठली. जाताना तिच्या काळ्या ड्रेसवर मागे मैद्याचा भला मोठा पांढरा गोल उमटला होता. एरवी त्याने तो झटकला असता. त्या दिवशी नुसता बघत राहिला.

पुढचा आठवडाभर हेच. तो समुद्रासाठी झुरत होता आणि ती समुद्राला पाण्यात पाहत होती. मग घरचेही मध्ये पडले.

"माझ्या मुलाचा रंग बघ," त्याची आई तिला म्हणाली. "पावाच्या कडेसारखा भाजलाय. चार दिवस ओली हवा मिळू दे की बिचाऱ्याला."

तिचे वडील भूगोलाचे निवृत्त शिक्षक. जावईबापूंना समोर बसवून त्यांनी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला, चारी कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या आणि तास सुरू केला. "किनाऱ्यावर हवा दमट. घाम येतो तो वाळत नाही. वाळवंटात घाम कधी आला आणि कधी वाळला, पत्ता लागत नाही. आता दोघांना मान्य होईल असं म्हणाल, तर पठार. पठार हा उत्तम मधला मार्ग आहे."

"पठार नको!" दोघं एकदम ओरडले. त्या आठवड्यात त्यांचं एकमत झालं ते तेवढंच.

शेवटी दोघं ट्रॅव्हल ऑफिसात गेले. तिथल्या बाईंनी चष्मा कपाळावर चढवून दोन्ही माहितीपत्रकं शेजारीशेजारी ठेवली.

"मग? कुठलं करू?"

"समुद्र," तो म्हणाला.

"वाळवंट," ती म्हणाली.

बाईंनी चष्मा परत नाकावर घेतला. "घरी जा," त्या शांतपणे म्हणाल्या. "इथे ठरत नाही. इथे फक्त तिकीट निघतं."

मग पावट्याने एक डाव टाकला. गावाबाहेर मोठं तळं होतं. सुट्टीच्या दिवशी तिथे सगळ्यांनी मिळून जायचं, पाण्यावरची झुळूक अंगावर घेतली की हिचं मन आपोआप पालटेल, असा त्याचा हिशोब. बेकरीची पाव पोचवायची व्हॅन काढली. ती त्याचे मामा चालवायचे. मामांना डोक्यावर केस नव्हते, पोट मात्र भरपूर होतं, आणि कुठल्याही गोष्टीची घाई नव्हती.

तळ्यावर गर्दी होती. काठावर सतरंजी अंथरली, सँडविचं निघाली. मामा पोट सावरत पाण्यात उतरले. झुळूक सुरेख होती. पावट्याने डोळे मिटून ती तोंडावर घेतली आणि म्हणाला, "आता बोल."

त्याने डोळे उघडले. ती सतरंजीच्या अगदी कडेला पाण्याकडे तोंड करून बसली होती. हातातल्या सँडविचचा एक घासही घेतला नव्हता. ओठ मात्र हलत होते.

"काय पुटपुटतेस?"

"सतरा," ती म्हणाली. "मघाशी अठरा होते."

"काय अठरा?"

ती तोवर उठली होती. सँडविच त्याच्या हातात, चपला सतरंजीवर, आणि ही सासूबाईंनी निवडलेल्या नव्याकोऱ्या ड्रेससकट पाण्यात. गुडघा, कंबर, छाती. तिथे थांबून तिने ड्रेसच्या गळ्याआतून शिट्टी काढली आणि अशी फुंकली की अख्खं तळं जागच्या जागी थिजलं.

"सगळे बाहेर! आत्ता!"

सगळे निमूट बाहेर आले. कोणी ओळखीचं नव्हतं, कोणी काही विचारलं नाही. पाणी रिकामं झालं, आणि ती एकटी मध्ये उभी राहून इकडून तिकडे बघत राहिली. पावट्याने तिचा तो चेहरा आधी कधी पाहिला नव्हता.

तेवढ्यात आइस्क्रीमच्या गाडीमागून मामा धावत आले. एका हातात कोन, दुसऱ्या हाताने चड्डी धरलेली. शिट्टी ऐकून तेही मुकाट रांगेत येऊन उभे राहिले.

"काय झालं? कोणी बुडालं का?"

अठरावे तेच होते.

काठावर हसण्याचा कल्लोळ उठला. ती हळूहळू बाहेर आली, मान खाली, ड्रेसमधून पाण्याच्या धारा. सगळ्यांना वाटलं, आता होणाऱ्या सासूबाई काय बोलतात! आईने आधी तिच्याकडे बघितलं, मग मामांकडे.

"आइस्क्रीम खायचं होतं तर सांगून जायचं," ती भावाला म्हणाली. मग तिने सतरंजीवरचं सगळं खाली सारलं, ती उचलली आणि मुलीच्या खांद्यांभोवती गुंडाळली.

परतताना पुढे मामा आणि आई बसले. ही दोघं मागे, पावाच्या रिकाम्या क्रेटांवर. व्हॅनला यीस्टचा आंबूस वास होता.

"असं नेहमी होतं?" त्याने विचारलं.

"दर वेळी. पाणी दिसलं की डोकी मोजायला लागते. तलावाला चार भिंती आहेत, वेळ संपते, सगळी पोरं बाहेर येतात, मी दाराला कुलूप लावते आणि सुटते. समुद्राला कुलूप कुठे लावू?" तिने सतरंजी घट्ट ओढली. "तू वारा खात बसशील, आणि मी दिवसभर कोणाकोणाची डोकी मोजत राहीन. आपण दोघंच नसू रे तिथे. ती सगळी माणसं असतील."

"मग हे आधी सांगायचं होतंस!"

"तू हसला असतास."

त्याने विचार केला. "हसलो असतो," तो म्हणाला.

ती एवढ्या प्रामाणिक उत्तरावर खूश झाली की रागावली, ते त्याला कळलं नाही. पण तिने आपलं ओलं डोकं त्याच्या खांद्यावर टेकलं, आणि घर येईपर्यंत उचललं नाही.

दुसऱ्या दिवशी हाताचं पीठही न धुता तो ट्रॅव्हल ऑफिसात गेला. "वाळवंट करा."

बाईंनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. "भांडणात हरलात?"

"नाही. कळलं जरा उशिरा."

"स्पष्ट सांगते, नंतर मला बोल लावू नका. या दिवसांत तिथे दुपारी बाहेर पाऊल टाकता येत नाही. लोक दार लावून झोपून राहतात आणि वैतागतात. मजा असते ती पहाटे. पण सुट्टीवर पहाटे उठतो कोण?"

"मी उठतो," पावट्या म्हणाला. "मला त्याशिवाय दुसरं काही येतच नाही."

लग्न झालं. बेकरीला आठवडाभर कुलूप लागलं आणि दोघं निघाली. गाडी, मग बस, मग रिसॉर्टची धुळकट जीप. दोन्ही बाजूंना पिवळी वाळू, झाड म्हणून नाही. ती खिडकीबाहेर बघत होती आणि तिचे खांदे दर मैलाला थोडे थोडे उतरत होते. त्याचा मात्र शर्ट पाठीला चिकटला होता. सासऱ्यांनी सांगितलेला घाम वाळायचं नाव घेत नव्हता, पण तो तोंडातून ब्र काढत नव्हता.

रिसॉर्टचं फाटक उघडलं. समोरच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: तरणतलावाकडे. खाली बाण.

"मला खरंच माहीत नव्हतं," तो कळवळून म्हणाला. "पत्रकात नव्हतं हे. शपथ!"

तेवढ्यात मॅनेजर लगबगीने आले. शिडशिडीत, मिशाळ, हात जोडलेले.

"साहेब, मॅडम, आधीच माफी मागतो. फार वाईट वाटतं सांगायला. नवीन लग्न झालेली माणसं, एवढ्या लांबून आलात. पण हल्ली पाहुणे कमी, त्यामुळे तलाव रिकामा केलाय. पाण्याचा थेंब नाही."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"एकही थेंब नाही?" तिने विचारलं.

"एकही नाही, मॅडम. तक्रार करायची असेल तर..."

ती हसत सुटली. मग तोही. हसता हसता तिला बाकावर बसावं लागलं. मॅनेजर एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिले. उन्हाने माणसांचं असं होतं हे त्यांनी पाहिलं होतं, पण इतक्या लवकर नाही.

पहिल्या पहाटे सवयीने त्याला जाग आली. बाहेर आला तर हवेत चक्क गारवा. रिसॉर्ट गाढ झोपलेलं. वाळूवरून वारा येत होता, कोरडा, हलका, आणि कपाळाला लागत होता. या वेळी तोंडासमोर आग नाही असं त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं. थोडा वेळ तो नुसताच हात लोंबते सोडून उभा राहिला, कारण हातांना काय काम द्यावं तेच सुचेना. मग आत जाऊन त्याने तिला उठवलं. दोघं पांघरुणं घेऊन वाळूच्या उंचवट्यावर बसली आणि उजाडताना बघत राहिली. दूरवर नजर टाकली तरी माणूस दिसत नव्हता.

सगळंच काही गोड गोड झालं नाही. दुसऱ्या दिवशी भर दुपारी वीज गेली. पावट्या फरशीवर उताणा पडला, छातीवर ओला टॉवेल, आणि वाळवंटाला, सूर्याला, सासऱ्यांच्या नकाशाला एकेक करून शिव्या घालू लागला. ती उशाशी बसून त्याला वारा घालत होती. हातात त्याचंच समुद्राचं माहितीपत्रक होतं. ते त्याने बॅगेत का घेतलं होतं, हे तिने विचारलं नाही.

"थंडीत जाऊ," ती म्हणाली.

"कुठे?"

"समुद्रावर. कडाक्याच्या थंडीत पाण्यात कोण उतरतंय? तू वारा खा. मी तुझ्याशेजारी बसेन आणि मलाही खायला काहीतरी दे."

"लेखी देशील?"

"गप पड."

तिसऱ्या दिवशी सकाळी ती त्याला कुठे सापडेना. खोलीत नाही, अंगणात नाही, वाळूवर नाही. तो बाणाच्या दिशेने गेला आणि रिकाम्या तलावाच्या काठाशी थांबला. खाली, सगळ्यात खोल टोकाला, निळ्या फरशीवर सावली होती. त्या सावलीत ती हातपाय पसरून आडवी झाली होती, डोक्याखाली चपला घेऊन, तोंड किंचित उघडं. इतक्या वर्षांत ती तलावाच्या काठावर कधी टेकलीसुद्धा नव्हती.

मागून मॅनेजर आले आणि घाबरून कुजबुजले, "मॅडम बऱ्या आहेत ना?"

त्याने ओठांवर बोट ठेवलं.

घरी परतल्यावर आईने सगळे फोटो पाहिले. वाळू, वाळू, पहाटेची वाळू, घामाने चिंब झालेला पावट्या. मग रिकाम्या तलावातला फोटो आला. आईने फोन लांब धरला, जवळ आणला, पुन्हा लांब धरला.

"एवढं लांब जाऊन रिकामा हौद बघितलात? आणि ही अशी तळाशी का पडलीय?"

"झोपलीय," तो म्हणाला. "जाग येईल म्हणून मी वरूनच फोटो काढला."

आईने फोटोकडे आणखी थोडा वेळ पाहिलं. मग सूनबाई शेजारीच बसलेली असूनही तिने आवाज बारीक केला.

"झोपू दे मग," ती म्हणाली.