हेगरमावशीची फुली

कफी चिझमला आमच्या बेटावर सगळे ओळखत. अमेरिकेच्या यादवी युद्धात काळ्यांच्या पलटणीतून तो लढला, छातीत खोकला घेऊन परतला, आणि तीस वर्षं त्या खोकल्याबरोबर काढून एका थंडीत गेला. मागे राहिली त्याची बायको हेगर. मूलबाळ नव्हतं. साठी उलटलेल्या तिच्या बोटांना आता कापूस वेचवत नव्हता. सैनिकाच्या विधवेला सरकार महिना आठ डॉलर पेन्शन देतं, म्हणून तिचा अर्ज मी लिहून दिला. मी इथल्या शाळेचा मास्तर.

वर्षभराने पेन्शन खात्याचे तपासनीस साहेब होडीतून आले आणि माझ्याच शाळेत टेबल मांडून बसले. मुलांना मी बाहेर ओकच्या सावलीत पाढे म्हणायला बसवलं.

“लग्नाचा कागद?” साहेबांनी विचारलं.

“गुलामांना कसला कागद, साहेब?” हेगरमावशी म्हणाली. “झाडू आडवा धरला, आम्ही दोघांनी त्यावरून उडी मारली. झालं लग्न.”

“कुणी पाहिलं?”

पाहणाऱ्यांपैकी एकच माणूस जिवंत होता, सिपिओ ग्रेसन. तो कफीचा पलटणीतलाही सोबती. त्याने बायबलवर हात ठेवला.

“झाडूचं एक टोक माझ्याच हातात होतं, साहेब. कफी अडखळला. ही नाही अडखळली.”

“ते कशाला सांगायला हवं होतं?” मावशी मागून फिसकारली.

साहेब हसले आणि लिहीत राहिले. मग सहज म्हणाले, “रविवारी जेवता कुठे?”

सिपिओने शपथ घेतली होती. “हिच्याकडे. कफी होता तेव्हापासून. लाकडं फोडतो, तांबडा भात खातो, अंधार पडायच्या आत निघतो.”

लेखणी थांबली. “राहत नाही तिथे?”

“घरी माझी खाट आहे, साहेब, आणि संधिवात. दोघं वाट बघत असतात.”

शेजाऱ्यांनीही तसंच सांगितलं आणि निभावलं. पण निघताना साहेबांनी मला बाजूला घेतलं. “माणसं सरळ वाटतात. तरी विधवा कुणा पुरुषाबरोबर राहते अशी नुसती निनावी चिठ्ठी आली, तरी पेन्शन अडकेल. तिला समजावून सांगा.”

मी दोघांनाही सांगितलं.

पुढच्या रविवारी सिपिओने लाकडं फाटकाबाहेरच उतरवली.

“आत ये की. भात झालाय.”

“भाताबरोबर तुझे आठ डॉलरही खाऊन टाकू का?”

“मग मी कुणाबरोबर जेवू?”

त्याने टोपी सारखी केली आणि वाटेला लागला. पुढे लाकडं फाटकाशी मिळत राहिली, माणूस दिसेनासा झाला. प्रार्थनाघरात तो पुरुषांच्या बाकावर, ती बायकांच्या.

पेन्शन मंजूर झाली. दर तीन महिन्यांनी न्यायाधीशासमोर एका कागदावर खूण करायची. लिहिता येत नाही म्हणून फुली मारणाऱ्याला दोन साक्षीदार लागत. सही करणाऱ्याकडे आमचा न्यायाधीश साक्षीदार मागत नसे. पहिल्या खेपेला मी आणि सिपिओ साक्षीला गेलो.

परतताना मावशी म्हणाली, “मास्तर, कफी गेला तेव्हाही घर इतकं रिकामं नव्हतं.”

मला एकच गोष्ट येते. म्हटलं, “शाळेत येत जा. अक्षरं शिकवतो.”

ती आली. लहान मुलांच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसली. तिच्या नावाचं पहिलं अक्षर, इंग्रजी एच, म्हणजे दोन खांब आणि मध्ये एक फळी. त्या फळीलाच आठ दिवस लागले. पण तीन आठवड्यांनी तिने न बघता अख्खं नाव पाटीवर लिहिलं. मुलांनी टाळ्या पिटल्या. मला रात्री नीट झोप लागली नाही, इतका आनंद.

जूनमध्ये न्यायाधीशाच्या खोलीत शिरता शिरता मी जाहीर केलं, “आज बाई स्वतः सही करणार.”

सिपिओ आधीच येऊन उभा होता. धुतलेला सदरा, पलटणीची पितळी बटणं घासून चकचकीत केलेली. “वा! मग माझं काय काम?” असं म्हणून त्याने टोपी उचलली.

मावशीने टोपीकडे पाहिलं. मग लेखणी घेतली आणि कागदावर ठळक फुली मारली.

“मावशी, अगं, काल तर...”

“विसरले, मास्तर. म्हातारं डोकं.”

“दोन साक्षीदार,” न्यायाधीश कंटाळून म्हणाला आणि शिक्का शोधू लागला.

सिपिओ बाकावर तिच्या शेजारी बसला.

“संधिवात कसाय?”

“वाट बघतोय घरी.”

“गेल्या वेळची लाकडं ओली होती.”

“मग सांगायचंस.”

“कसं? फाटकातून ओरडू?”

शिक्का सापडला. दोघं उठली आणि दोन वाटांनी गेली. आता भेट थेट सप्टेंबरात.

दुसऱ्या दिवशी मावशी पुन्हा शाळेत आली. मी तिच्यापुढे पाटी ठेवली. तिने पाटीवर आपलं नाव लिहिलं. मग म्हणाली, “मास्तर, सिपिओ कसं लिहितात?”

मी दाखवलं. तिने चार वेळा गिरवलं, दाराकडे एकदा पाहिलं आणि बाहीने पाटी पुसून टाकली.

मी मुलांना पुढचा पाढा सांगितला.